फ्रीलान्स काम, फासे, तत्त्वचर्चा आणि फॅन्डम: सोलापुरात बसवलेलं वेळापत्रक

सोलापुरात घरी बसून आयटीचं फ्रीलान्स काम करायचं, दर शनिवारी रोलप्लेइंग गेमचं (पात्रं घेऊन, फासे टाकून मिळून गोष्ट रचण्याच्या खेळाचं) सेशन खेळायचं, पंधरवड्यातून एकदा तत्त्वज्ञान वाचायला जमायचं आणि फॅन्डममधली, म्हणजे एकाच मालिकेच्या किंवा पुस्तकाच्या चाहत्यांमधली, मैत्रीही सांभाळायची, हे सगळं एका आठवड्यात बसतं. वेळेचे चार सारखे वाटे घातले की मात्र ते हमखास मोडतं. आमच्या गटात जे वेळापत्रक टिकलं त्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: आपण उशीर केला तर कोण ताटकळतं? गेममध्ये चार-पाच जण एकाच वेळी हेडफोन लावून बसलेले असतात. क्लायंटला बहुतेक वेळा आपले तास नको असतात, त्याला तारीख हवी असते. पुस्तक कितीही दिवस थांबतं, पण थकलेल्या डोक्याने उघडलं तर हाती काही लागत नाही. फॅन्डमच्या गप्पांत आपल्यासाठी कुणी अडलेलं नसतं, तरी दिवसभर मन तिथेच ओढ घेतं. म्हणून गेमची वेळ सगळ्यात आधी पक्की करायची, काम तिच्या अवतीभवती लावायचं, वाचनाला सकाळ द्यायची आणि गप्पांना कुंपण घालायचं. पुढचं सगळं ह्याच क्रमाचा तपशील आहे.

कामापासून सुरू करू, कारण घर त्यावर चालतं. सोलापुरातले क्लायंट म्हणजे मुख्यतः चादर-टॉवेलचे कारखानदार, सुताचे व्यापारी, दवाखाने, क्लासवाले. त्यांना हवं असतं बिलिंग, स्टॉक, टॅलीशी जोडणी, व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या ऑर्डरची नोंद. ह्या लोकांचा महिना जीएसटीच्या तारखांवर फिरतो. दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ची मुदत ११ तारखेची आणि जीएसटीआर-३बीची २० तारखेची. त्यामुळे ८ ते ११ आणि १७ ते २० ह्या दिवसांत फोन वाढणारच, बिलांचे आकडे जुळेनात म्हणून कुणीतरी अडणारच. ह्या दिवसांत नवीन फीचर द्यायचं नाही आणि गेमची मोठी तयारीही काढायची नाही. शनिवार नेमका ११ किंवा २० तारखेला आला, तर त्या दिवशी सेशन दोन तासांचं ठेवतो; रद्द करत नाही. एकदा रद्द केलं की पुढच्या शनिवारी दोघांना दुसरं काहीतरी निघतं आणि बघता बघता महिना जातो.

सोलापुरी गिऱ्हाइकाची खरी आणीबाणी संध्याकाळी येते. ट्रक भरून दारात उभा असतो आणि सॉफ्टवेअरमधून ई-वे बिल (मालवाहतुकीला लागणारा सरकारी कागद) निघत नाही. आयत्या वेळी कोड दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्यांच्या कारकुनाला आधीच एक पानाची सूचना छापून द्या: सरकारी पोर्टलवर लॉगिन कसं करायचं, बीजक क्रमांक, एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा क्रमांक), वाहन क्रमांक कुठे घालायचा, निघालेला क्रमांक नंतर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे टिपायचा. हे पान मराठीत, मोठ्या अक्षरात, संगणकाच्या शेजारी भिंतीवर चिकटवलेलं असावं. त्यामुळे शनिवारी रात्री नऊनंतरचे निम्म्याहून जास्त फोन आपोआप थांबतात. उरलेल्यांसाठी करारात दोन वेगळ्या वेळा लिहाव्यात. एक, किती वेळात उत्तर मिळेल. दुसरी, किती वेळात काम दुरुस्त होईल. बहुतेक भांडणं ह्या दोहोंत घोटाळा झाल्यामुळे होतात. आमचा नेहमीचा मसुदा असा: सिस्टिम पूर्ण बंद असेल तर दोन तासांत उत्तर, बाकी सगळ्याला पुढच्या कामाच्या दिवशी. दोन तास ही मुदत मुद्दाम आहे, कारण सेशनच्या मधल्या सुट्टीत फोन बघितला तरी ती पाळली जाते.

शुक्रवारी दुपारी दोननंतर प्रॉडक्शनवर, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टिमवर, काही टाकायचं नाही. हा नियम सगळेच सांगतात, पण त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. चूक बहुधा टाकल्या क्षणी दिसत नाही; रात्रीचं शेड्यूल केलेलं काम चालतं, बॅकअप होतो, शनिवारी दुकानात गर्दी होते, तेव्हा ती वर येते. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी टाकलेल्या बदलाचं बिल नेमकं शनिवारी रात्री फाटतं.

बाहेरदेशच्या क्लायंटचं गणित निराळं. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, आणि आपल्याकडे घड्याळ मागेपुढे होत नाही, त्यांच्याकडे होतं. न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला येते. गेमच्या टेबलावर जर्मनीतला एक आणि अमेरिकेतला एक खेळाडू असेल, तर आपला रात्री नऊचा शनिवार उन्हाळ्यात बर्लिनला संध्याकाळी साडेपाच आणि न्यूयॉर्कला सकाळी साडेअकरा. हिवाळ्यात साडेचार आणि साडेदहा. घोळ होतो तो मधल्या दिवसांत. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या रविवारी. ह्या दोन-तीन आठवड्यांत दोघांमधलं अंतर एका तासाने घटतं, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत पुन्हा तेच. गटात वेळ तोंडी सांगू नका. डिस्कॉर्ड ह्या गप्पांच्या अ‍ॅपच्या संदेशात युनिक्स टाइमस्टॅम्प (वेळेचा आकड्यातला कोड) घालता येतो. तो वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या स्थानिक वेळेत दिसतो. कॅलेंडरच्या निमंत्रणात मात्र टाइमझोन ‘कोलकाता’ ठेवा, म्हणजे सेशन आपल्या घड्याळाला बांधलेलं राहतं आणि बदल बाहेरच्यांच्या बाजूला दिसतो.

मार्च हा सगळ्यात अवघड महिना. घड्याळाचा हा घोळ, व्यापाऱ्यांचं वर्षअखेर, आणि आपला स्वतःचा कर, तिन्ही एकदम. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ४४एडीए म्हणून असलेल्या तरतुदीप्रमाणे आयटीतल्या स्वतंत्र व्यावसायिकाला एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. मर्यादा ५० लाखांची, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. २०२५च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, म्हणून सीएशी बोलताना ‘अंदाजित उत्पन्नाची तरतूद’ एवढं म्हटलं तरी पुरतं. ह्या तरतुदीत आगाऊ कर चार हप्त्यांत भरावा लागत नाही, पण पूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत जावी लागते. जीएसटीत नोंदणी असेल आणि परदेशी काम असेल, तर कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं असतं. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेसाठी बँकेला पर्पज कोड (रक्कम कशासाठी आली ते सांगणारा) द्यावा लागतो. सॉफ्टवेअर सल्ला-सेवेसाठी तो पी०८०२. बँकेची आवक-पावती त्याच आठवड्यात मागून ठेवा, वर्षाच्या शेवटी मागायला गेलं की हेलपाटे पडतात. ह्या सगळ्यामुळे मार्चमध्ये मोठी कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) आम्ही थांबवतो आणि चारही शनिवार वन-शॉट खेळतो, म्हणजे एका बैठकीत संपणारे खेळ. कुणी आलं नाही तरी गोष्ट अडत नाही.

दर ठरवताना गेमचे आणि वाचनाचे तास आधीच बाजूला काढा. वर्षाचे ४६ आठवडे कामाचे धरा; बाकी सणवार, आजारपण, गावची लग्नं. आठवड्याला ४० तास टेबलाशी बसलात तरी बिल करता येण्याजोगे २२ ते २५ तासच असतात, उरलेले फोन, कोटेशन, वसुली, शिकणं ह्यांत जातात. २२ धरले तर वर्षाचे १,०१२ तास. नऊ लाख जमा हवी असेल तर तासाला साधारण ८९० रुपये, आणि बुडीत उधारी व रिकामे आठवडे धरून त्यावर आणखी पंधरा टक्के. हा आकडा पाहून अनेकांना धसका बसतो आणि ते दर खाली आणून तास वाढवतात. शनिवार तिथेच जातो. त्यापेक्षा मासिक रिटेनर घ्या: महिन्याला दहा तास, न वापरलेले पुढच्या महिन्यापर्यंतच चालतील, त्यानंतर संपले. मुदत नसलेले तास साठत जातात आणि क्लायंट ते सगळे एकदम दिवाळीच्या तोंडावर मागतो.

आता गेम. सेशन नऊ ते बारा, तीन तास. पहिली पंधरा मिनिटं गप्पांची, ती कापायला जाऊ नका. नाही दिली तर लोक खेळताना बोलतात. साडेदहाला दहा मिनिटांची सुट्टी. बाराला जिथे असू तिथे थांबायचं, अगदी लढाई अर्धवट असली तरी. इनिशिएटिव्हचा (लढाईत कुणाची पाळी कधी ह्याचा) क्रम आणि कुणाचे किती हिट पॉइंट (पात्राची जीवशक्ती) उरलेत ह्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या रोलप्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीत पाच खेळाडू असतील, तर प्रत्येकाच्या पाळीला दोन मिनिटं आणि जीएमला (गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) पाच धरली तरी एक फेरी पंधरा मिनिटांची होते. चार फेऱ्यांची लढाई म्हणजे एक तास. म्हणून तीन तासांत एकच मोठी लढाई मावते. दोन ठेवल्या की बोलण्या-वागण्याचा खेळ, ज्यासाठी बहुतेक जण येतात, तो उपाशी राहतो.

आठवड्याच्या मधल्या दिवशी खेळायचं असेल तर दोन सहा-बाजूंच्या फाशांवरचे खेळ घ्या. २०१०च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’पासून रूढ झालेली ही पद्धत: बेरीज दहा किंवा जास्त आली तर पूर्ण यश, सात ते नऊ आली तर यश पण काहीतरी मोजून, सहा किंवा कमी आली तर जीएम अडचण आणतो. पात्राच्या गुणामुळे बेरजेत अधिक एक मिळत असेल तर हे साधारण २८, ४४ आणि २८ टक्क्यांना पडतं. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा ‘हो, पण’ येतं आणि प्रत्येक फेकीने गोष्ट पुढे सरकते. वीस-बाजूंच्या फाशात चुकलं तर नुसतं चुकतं, पाळी वाया जाते. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला ते झेपत नाही.

कोरम आधी ठरवा. पाच खेळाडू असतील तर तिघे आले की खेळ होणार. न आलेल्यांची पात्रं ‘गावात थांबली’, त्यावर चर्चा नाही. तिघांपेक्षा कमी आले तर राखीव वन-शॉट. पहिल्या बैठकीत, जिला सेशन झिरो म्हणतात, फक्त नियम आणि पात्रं करू नका. कोणते विषय टेबलावर अजिबात नकोत, कोणते आडपडद्याने चालतील, हे विचारून लिहून घ्या. खेळात मध्येच कुणाला त्रास झाला तर कारण न सांगता तो प्रसंग थांबवता येईल, एवढी सोय ठेवा. ओळखीच्या माणसांत ह्याची गरज नसते असं वाटतं. उलट ओळखीतच लोक संकोचाने गप्प बसतात.

जीएमची तयारी सेशनमागे एका तासात बसवता येते. आमची मांडणी अशी: काहीतरी हवं असलेली तीन माणसं, दोन जागा, आणि न थांबता पुढे सरकणारी एक गोष्ट, जिचे चार किंवा सहा टप्पे कागदावर वर्तुळ करून पाडलेले असतात. कथानक लिहायचं नाही. जागा शोधायला लांब जायला नको. सोलापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्गला बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. वरून पाणी वाहतंय आणि आत माणसं उभी आहेत, अशी जागा कुठल्याही छापील साहसात सहज मिळणार नाही. त्याला सहा टप्प्यांचं वर्तुळ लावा: नदीला पूर येतोय. झाली तयारी. मराठीत खेळताना जीएमच्या हाती आणखी एक साधन असतं, संबोधन. किल्लेदार एका पात्राला ‘आपण’ म्हणतो, दुसऱ्याला ‘अरे’ म्हणतो, एवढ्यावर टेबलाला सगळी उतरंड कळते. आणि सोलापूरच्या टेबलावर बहुधा कुणी तेलुगू बोलणारं असतं, कुणी कन्नड. बाजारातल्या विणकराला किंवा यात्रेकरूला त्यांचा आवाज द्या, त्या खेळाडूलाच ते पात्र बोलू द्या.

ऑनलाइन टेबलासाठी आयटीवाले हमखास फाउंड्री ही खेळाच्या टेबलाची प्रणाली निवडतात. एकदाच पैसे भरायचे, परवाना फक्त जीएमला लागतो, बाकीचे ब्राउझरमधून येतात. घरच्या संगणकावर ती ३०००० पोर्टवर चालते आणि बाहेरून कुणालाच उघडत नाही. तेव्हा राउटरच्या पानावर जाऊन वॅनचा (बाहेरच्या इंटरनेटकडचा) आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ह्या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरच्या संगणकाकडे वळवणं) कितीही वेळा केलं तरी उपयोग नाही. उपाय तीन: सेवादाराकडून महिन्याला जादा पैसे देऊन स्थिर आयपी घेणं, टनेल (मधल्या सर्व्हरमार्फतचा मार्ग) वापरणं, किंवा दोन जीबी रॅमचा छोटा व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेणं. आम्हाला तिसरा बरा वाटतो, कारण घरची वीज गेली तरी टेबल उभं राहतं. नकाशे पीएनजीत ठेवू नका. मोठा नकाशा सहज १५-२० एमबीचा होतो, तोच वेबपीत दोन-तीन एमबीत बसतो आणि मोबाइल डेटावर आलेल्या खेळाडूला पाच मिनिटं काळा पडदा बघावा लागत नाही. मॉड्यूल (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) मोजकी ठेवा. मुख्य आवृत्ती बदलली की जुनी मॉड्यूल मोडतात, म्हणून सेशनच्या आठवड्यात अपडेट नाही आणि अपडेटच्या आधी डेटा फोल्डरची प्रत काढल्याशिवाय हात लावायचा नाही.

इथे आमच्या धंद्याच्या माणसांना एक सावधगिरीचा शब्द. आम्हाला सगळं आपोआप व्हायला हवं असतं: फासा टाकला की नुकसान वजा, मंत्राचा परिणाम लागू, पाळी पुढे. त्या मॅक्रोंपायी चार-चार संध्याकाळी जातात. बर्नार्ड सूट्स ह्या तत्त्वज्ञाने १९७८ साली खेळाची व्याख्या अशी केली की गरज नसलेले अडथळे आपखुशीने पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. क्लायंटच्या कामातला अडथळा काढून टाकायचा असतो, खेळातला राखायचा असतो. हाताने फासा टाकून मोठ्याने बेरीज करणं हा त्यातलाच एक अडथळा आहे, आणि टेबलावर श्वास रोखला जातो तो तेवढ्याच क्षणाला.

उन्हाळ्यात वीज जाते हे गृहीत धरा. वळवाच्या पावसाआधी संध्याकाळी तर जातेच. १५० अ‍ॅम्पियर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. प्रत्यक्षात वापरण्याजोगे हजारेक. लॅपटॉप, पंखा, राउटर मिळून १५० वॉट धरले तर सहा-सात तास निघतात, सेशनला पुरून उरतात. चूक होते ती जोडणीत: राउटर इन्व्हर्टरवर असतो, पण फायबरची छोटी पेटी दुसऱ्याच बोर्डावर, म्हणून दिवे लागतात आणि नेट येत नाही. दोन्हींना एकत्र १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. गल्लीतल्या खांबावरचा किंवा इमारतीतला स्विच विजेवर चालणारा असेल तर तोही बंद पडतो. त्या वेळी मोबाइल हॉटस्पॉट आणि कॅमेरे बंद. नुसत्या आवाजाला डेटा फार लागत नाही. पाण्याचाही विचार करा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि पाळी शनिवारी रात्री आली तर हेडफोन काढून बादल्या भराव्याच लागतात. पाळीचा दिवस गटात आधी सांगून ठेवला की मधली सुट्टी त्या वेळेला सरकवता येते.

प्रत्यक्ष भेटून खेळायला डिसेंबर-जानेवारीचा हुरड्याचा मोसम सगळ्यात चांगला. सकाळी शेतावर, आगटीवरचा हुरडा, शेंगाची चटणी, दही, गूळ, आणि दुपारी तीन तासांचा वन-शॉट. पाचच्या आत संपवा, उजेड लवकर जातो. कॅरॅक्टर शीट जाड कागदावर, पॅडला क्लिप लावून. वारा असतो आणि बोटं चटणीच्या तेलाची असतात, तेव्हा पेनापेक्षा पेन्सिल बरी. फासे मातीत हरवतात. स्टीलच्या ताटात टाकले तर आवाजाने कान किटतात. टर्किश टॉवेल अंथरला तर त्याच्या सुताच्या वेढ्यांत खेळाचा फासा कलता राहतो आणि कुठली बाजू वर ह्यावर वाद होतो. सोलापुरी चादर चौपदरी घडी घालून अंथरा; विणीला सपाट, फासा नीट लोळतो, नीट बसतो. संक्रांतीच्या आठवड्यात मात्र काही ठरवू नका. सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा असते, नंदीध्वजांच्या (उंच सजवलेल्या काठ्यांच्या) मिरवणुकीने रस्ते बंद असतात, प्रत्येकाच्या घरी पाहुणे असतात.

घरच्यांना फासे म्हटलं की जुगार आठवतो. समजावून सांगण्यापेक्षा एकदा खोलीत बसवा आणि एखादा प्रसंग ऐकू द्या. पैसे कुठेच नाहीत हे दहा मिनिटांत दिसतं.

तत्त्वज्ञानाचं वाचन सकाळी सात ते साडेआठ, पंधरवड्यातून एकदा, रविवारी. आदल्या रात्री सेशन असतंच. त्यामुळे सातला जमत नसेल तर निदान नऊला सुरू करा. एका बैठकीला आठ ते दहा पानं, त्यापेक्षा जास्त नाही. न्यायपरंपरेत वाद, जल्प आणि वितंडा असा भेद आहे: सत्य शोधायला केलेली चर्चा, जिंकायला केलेली, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसती समोरच्याची तोडायला केलेली. गट मोडतात ते तिसऱ्याने. त्यावर जुनाच उपाय लागू पडतो. आधी पूर्वपक्ष: समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत असं सांगायचं की त्याने ‘हो, हेच’ म्हटलं पाहिजे. तोवर खंडन नाही. प्रोग्रामरला हे लवकर जमतं, कारण चूक पुन्हा घडवून दाखवल्याशिवाय दुरुस्तीला हात घालायचा नाही ही सवय अंगात असते.

काय वाचावं? सोलापूरकराने आपल्या ग्रामदैवतापासून, सिद्धरामेश्वरांपासून, सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे. १२व्या शतकात त्यांनी इथे तलाव खोदवला, ६८ लिंगांची स्थापना केली. शरणपरंपरेतली (बसवण्णांच्या काळातल्या वीरशैव संतांची) कथा अशी की ते काम चालू असताना अल्लमप्रभू हे संतकवी तिथे आले आणि त्यांनी ह्या सगळ्या सत्कार्यात ‘मी करतो’ किती उरलंय, ह्यावर बोट ठेवलं. लोकोपयोगी काम आणि आत्मज्ञान ह्यांचा हा सामना आहे, आणि दोन्ही बाजूंचा पूर्वपक्ष भक्कम मांडता येतो. पुढे बसवण्णांच्या परंपरेतला कायक आणि दासोह ह्यांचा जोड: प्रामाणिक कष्टाने मिळवणं आणि त्यातलं समाजाला परत देणं. ओपन सोर्सला (सगळ्यांसाठी खुल्या सॉफ्टवेअरला) दिलेला वेळ दासोहात धरायचा की स्वतःच्या जाहिरातीत, ह्यावर फ्रीलान्सरांच्या गटात बैठक अपुरी पडते. वचनं, म्हणजे शरणांच्या छोट्या गद्यकविता, मराठी अनुवादात मिळतात. गटात कन्नड वाचणारं कुणी असेल तर मूळ वचन आधी मोठ्याने वाचायला लावा.

ही चर्चेची खोड गेममध्ये शिरते. कैद्याला सोडायचं की मारायचं ह्यावर पात्रं चाळीस मिनिटं भांडतात आणि ज्यांना ह्यात रस नाही ते फोन उघडतात. पाच मिनिटांची मर्यादा घाला, मग मतदान किंवा फासा. उरलेला वाद रविवारच्या बैठकीला न्यायचा. तिथे तो जास्त चांगला होतो, कारण प्रसंग सगळ्यांनी अनुभवलेला असतो.

फॅन्डममधल्या मैत्रीला वेळ नसते, म्हणून ती सगळी वेळ खाते. डिस्कॉर्डचे सर्व्हर म्यूट, फक्त आपल्या नावाने आलेला उल्लेख वाजणार. गप्पा दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास आणि रात्री अर्धा तास. अ‍ॅरिस्टॉटलने मैत्री तीन प्रकारची सांगितली, उपयोगाची, आनंदाची आणि सद्गुणाची, आणि एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत ही म्हणही त्याने तिथे दिली आहे. फॅन्डमची मैत्री आनंदाच्या प्रकारात सुरू होते. मालिका संपली, आवड बदलली की ती विरते, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. ज्या दोघा-तिघांशी नातं त्यापुढे जावं असं वाटतं त्यांच्याबरोबर काहीतरी मिळून करा. एकमेकांच्या फॅनफिक्शनचं (आवडत्या कृतीवर चाहत्याने लिहिलेल्या कथेचं) बीटा-वाचन, म्हणजे प्रसिद्धीआधी वाचून सूचना देणं, हा चांगला मार्ग. तीन हजार शब्द नीट वाचायला तास-दीड तास लागतो. आधी विचारून घ्या की भाषा बघायची, कथा बघायची की मूळ कृतीशी मेळ बघायचा. न विचारता तिन्ही केलं की लिहिणारा दुखावतो. परतफेड वाचनानेच व्हावी.

मित्रांसाठी आयटीचं काम निघतंच: फॅन-मासिकाची साइट, बॉट, जुन्या चित्रांचा संग्रह. एक तर फुकट करा, नाहीतर पूर्ण दराने. अर्ध्या दरात केलेल्या कामात मित्र स्वतःला गिऱ्हाईक समजतो आणि आपण स्वतःला उपकारकर्ता, आणि दोघांचंही समाधान होत नाही. फुकट असलं तरी काय करणार आणि काय नाही, ते चार ओळींत लिहून द्या. डोमेन एकाच्याच नावावर राहिलं आणि त्याचं गटाशी बिनसलं तर सगळ्यांचं लिखाण अडकतं, म्हणून प्रशासक दोघे हवेत आणि महिन्याला एक पूर्ण प्रत दुसऱ्याकडे जायला हवी. आर्काइव्ह ऑफ अवर ओन ह्या फॅनफिक्शनच्या साइटवर ठेवलेल्या कथा ईपबमध्ये उतरवून घेता येतात. स्वतःच्या कथांचीही प्रत जवळ असू द्या.

आठवडा कोसळतो तेव्हा काय सोडायचं हे आधीच ठरलेलं असावं. सगळ्यात आधी गप्पा, एक ओळ टाकून: ‘गुरुवारपर्यंत कामात आहे.’ मग वाचन. पानं कुठे जात नाहीत, पुढच्या वेळी नुसतं ऐकायला बसा. मग जीएमची तयारी. डेडलाइन चुकणार असं दिसलं तर क्लायंटला किमान दोन दिवस आधी नवी तारीख द्या. आदल्या रात्री मागितलेली मुदत आणि दोन दिवस आधी मागितलेली, ह्यांत पुढच्या कामाचा फरक पडतो. सेशन शेवटी, आणि तेही रद्द न करता दुसऱ्याच्या हाती द्यायचं. त्यासाठी राखीव वन-शॉटची फाइल लागते: सहा तयार पात्रं, एक नकाशा, दोन पानांचा प्रसंग, नियमांचं एक पान. ती गटाच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवा, आणि जीएमशिवाय आणखी दोघांना ती उघडून चालवता येते का, हे एखाद्या निवांत शनिवारी त्यांच्याकडून चालवूनच बघा.